परदेशी जाताना लसीचा दाखला आणि तपासणी: खान्देशातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचतो तोवर त्याने रात्रभराचा प्रवास केलेला असतो. तिथे एखादा कागद कमी निघाला तर ‘जरा घरून घेऊन येतो’ म्हणायची सोय नाही. कोविडच्या काळात लसच घेतली नाही म्हणून अडलेले लोक आमच्या पाहण्यात फार थोडे. बाकीचे अडले ते नावातल्या एखाद्या अक्षरामुळे, तपासणीचे तास चुकल्यामुळे, नाहीतर दुसऱ्याच्याच मोबाईलवर नोंदणी झाल्यामुळे. खालचे प्रश्न त्याच अनुभवातून आले आहेत. कोविडचे बहुतेक नियम आज उठले असले तरी काही आजारांच्या बाबतीत लस आणि तपासणीच्या अटी आजही चालू आहेत. त्याही यात घेतल्या आहेत.

आता परदेशी जायला कोविड लसीचा दाखला लागतो का?

जवळपास कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने परदेशी प्रवाशांवरची लसीची अट ११ मे २०२३ ला संपवली. विमानात बसण्याआधीची तपासणी तर जून २०२२ मध्येच बंद झाली होती. भारतात परतताना भरायचा ‘एअर सुविधा’ फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. पण चीनमध्ये लाट आली आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड इथून येणाऱ्यांसाठी तो पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारीत परत बंद झाला. उठलेला नियम महिना-दीड महिन्यात पुन्हा लागतो, हे तेव्हा दिसलंच. म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या दोन दिवस आधी एकदा, असं दोनदा बघा.

मग तो दाखला मोबाईलमधून उडवला तरी चालेल ना?

नको. छोटीशी पीडीएफ आहे, जागा किती खाणार! जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ मध्ये बदल झाले आणि बहुतेक देशांसाठी ते १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. ‘महामारी आणीबाणी’ असा नवा दर्जा त्यात आला आहे, आणि प्रवाशाचे आरोग्याचे कागद छापील किंवा डिजिटल, कुठल्याही रूपात देता येतील अशी तरतूद आहे. पुढच्या वेळी क्यूआर कोडचा दाखला पहिल्या दिवसापासून मागतील असं धरूनच चाला. एक प्रत डिजिलॉकरमध्ये, एक स्वतःच्याच ईमेलवर आणि एक छापून पासपोर्टच्या पाकिटात, एवढं पुरे.

नियम नेमका कोणाचा? एजंट एक सांगतो, यूट्यूबवाला भलतंच.

नियम चार ठिकाणचे असतात आणि चारही एकदम लागू होतात. जिथे जायचं तो देश, जिथे विमान बदलायचं तो देश, विमान कंपनी, आणि परतताना आपलं सरकार. मधला देश लोक हमखास विसरतात.

कॅनडाचं उदाहरण घ्या. २२ एप्रिल २०२१ पासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली. वळसा घालून जाणाऱ्याला भारतातला रिपोर्ट चालत नव्हता. वाटेतल्या तिसऱ्या देशात थांबून तिथे तपासणी करायची आणि मग पुढे जायचं. म्हणजे त्या तिसऱ्या देशाचा व्हिसा, तिथला मुक्काम, तिथले नियम, सगळं आलं. सप्टेंबरअखेर थेट विमानं सुरू झाली तेव्हा अट घातली की तपासणी दिल्ली विमानतळावरच्या ठरलेल्या प्रयोगशाळेतच, आणि तीही विमान सुटण्याआधी १८ तासांच्या आत. भुसावळच्या पोराने जळगावात काढलेला रिपोर्ट, भले तो सोन्यासारखा असो, तिथे उपयोगाचा नव्हता. त्याने आदल्या दिवशी दिल्ली गाठणं भागच होतं.

विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. तिच्यासमोर ‘टिमॅटिक’ नावाची माहितीप्रणाली उघडी असते, तिच्यात देशोदेशीचे नियम असतात. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला आणि तिकडून परत पाठवला तर भुर्दंड कंपनीला बसतो, म्हणून ती कडक वागते. तिच्याशी वाद घालून काही निघत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचं प्रवासाच्या कागदांचं पान आणि त्या देशाच्या वकिलातीचं पान, एवढी दोन ठिकाणं खरी. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी कोणत्या महिन्यातली आहे, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आईच्या आधारवर ‘कमलबाई’ आहे, पासपोर्टवर नुसतं ‘कमल’. अडवतील का?

आपल्याकडचा हा पहिल्या नंबरचा प्रश्न. लस घेताना सगळ्यांनी आधार दाखवलं, आणि आधारवर नाव आपल्या पद्धतीने: आडनाव आधी, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं. ‘पाटील कमलबाई रामदास’. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, त्यामुळे तिथे ‘कमल रामदास’ आणि ‘पाटील’. पुरुषांचंही तेच. एकीकडे भास्कर, दुसरीकडे भास्करराव. चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन तऱ्हेचं सापडतं.

यात कशाला किती घाबरायचं ते सांगतो. आडनाव आधी की नंतर, यावरून सहसा अडवत नाहीत. ‘बाई’ किंवा ‘राव’ जास्तीचं असेल, नाहीतर मधलं नाव गळालं असेल, तर जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक जुळत असल्यास बहुधा निभावतं. पण रात्री दोनला, मागे रांग लागलेली असताना, समोरच्याच्या मर्जीवर राहायचं कशाला? आडनावच वेगळं असलं तर प्रकरण गंभीर. लग्नाआधीच्या नावाने आधार आणि लग्नानंतरच्या नावाने पासपोर्ट, असं असलं की काउंटरवरच्या माणसाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. अशा वेळी इंग्रजीतला विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली प्रत जवळ ठेवा.

दुरुस्त काय करायचं? सगळं पासपोर्टप्रमाणे. पासपोर्ट बदलायला सगळ्यात जास्त खटपट लागते, म्हणून तोच मूळ धरायचा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, दाखल्यातली चूक सुधारायची सोय दिली होती: नाव, जन्मसाल, लिंग. पण दुरुस्तीची संधी मोजकीच, त्यामुळे अर्ज भरताना पासपोर्ट उघडून समोर ठेवायचा आणि त्यावरचं अक्षर न अक्षर उतरवायचं. सायबर कॅफेत गर्दीच्या वेळी तोंडी नाव सांगून अर्ज भरून घेतलेले लोक नंतर कपाळावर हात मारत परत आले. आणि पासपोर्टवरच नाव चुकलं असेल तर आधी तो दुरुस्त करा, मगच बाकीच्याला हात लावा.

दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख का लागते? वय लिहिलेलं असतं की.

कोविनच्या सुरुवातीच्या दाखल्यावर वय असे किंवा नुसतं जन्मसाल, आणि आपल्या देशात तेवढ्यावर काम भागत होतं. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये कोविशील्डला मान्यता दिली, पण भारताचा दाखला मात्र मान्य केला नाही. लस चालते आणि लसीचा कागद चालत नाही! भारताने मग ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनच्या प्रवाशांवर तशाच अटी घातल्या, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला दाखला धरला. त्याच सुमारास कोविनने परदेश प्रवासासाठी वेगळा दाखला काढला. त्यावर दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक येतो. तुमच्याकडे जुन्या तऱ्हेचाच असेल तर हा दुसरा उतरवून ठेवा.

आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तशी लावलेली. तारीख खरी की खोटी, याच्याशी विमानतळाला देणंघेणं नाही. सगळ्या कागदांवर एकच हवी.

नोंदणी आशाताईंच्या मोबाईलवर झाली होती. आता दाखला कसा काढू?

सातपुड्याच्या पाड्यांवर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, शिबिरात जो मोबाईल हाताशी होता त्यावर नोंदणी झाली. जळगाव-धुळ्याच्या गावांतही शेजाऱ्याच्या, ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या, मास्तरांच्या नंबरावर माणसं चढली. एका नंबरावर आधी चौघांची आणि जानेवारी २०२२ पासून सहा जणांची नोंद करता येत होती. त्या वेळी ते बरोबरच होतं, लस महत्त्वाची होती. पण दाखला उतरवायचा तर ओटीपी त्याच नंबरावर जातो.

नंबर चालू असेल तर त्या माणसाला फोन लावा, ओटीपी विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नंबर बंद असेल तर ज्या केंद्रावर लस घेतली तिथे किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. लस घेतल्याची तारीख, केंद्राचं नाव आणि त्या वेळी दिलेलं ओळखपत्र सोबत असू द्या.

याहून अवघड गाठ दुसरीच असते. पहिला डोस एका नंबरावर आणि दुसरा डोस दुसऱ्या नंबरावर नव्याने नोंदवून घेतला, तर यंत्रणेच्या लेखी दोन माणसांनी एकेक पहिला डोस घेतलेला असतो. हातात दोन दाखले, दोन्हींवर ‘पहिला डोस’. परदेशी काउंटरवर असा माणूस अर्धवट लस घेतलेला ठरतो. कोविनवर असे दोन दाखले जोडून एक करायची सोय होती. तुमच्या घरात कोणाचं असं झालं असेल तर प्रवास ठरायची वाट न बघता विचारपूस सुरू करा.

दाखल्यावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक आहे. नवा पासपोर्ट काढला.

जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट टाकू नका. नवा आणि जुना दोन्ही सोबत न्या. नव्याच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक असतो, त्यावरून साखळी जुळते.

कोणती लस परदेशात चालायची आणि कोणती नाही?

जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीत वापरायला मंजूर केलेल्या लसींच्या यादीत नाव आहे की नाही, यावर बरंच अवलंबून होतं. कोविशील्डला १५ फेब्रुवारी २०२१ लाच जागा मिळाली. कोव्हॅक्सिनला मात्र ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या आठ-नऊ महिन्यांत ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली त्यांची, विशेषतः परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची, विनाकारण घालमेल झाली. लस उत्तम, पण यादीत नाव नाही. काहींनी म्हणे गुपचूप दुसऱ्या नावाने दुसरी लस घ्यायचा विचार चालवला होता. असं कधीही करू नका. आरोग्याचा धोका वेगळाच, शिवाय एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात आणि त्या पुढे आयुष्यभर नडतात. स्पुटनिक व्ही त्या यादीत आलीच नाही. बारा ते चौदा वयाच्या मुलांना मार्च २०२२ पासून दिलेल्या कॉर्बेव्हॅक्सचं नाव जानेवारी २०२४ मध्ये आलं, तोवर नियमच उठले होते.

पुढे कधी नवी लस आली आणि निवड तुमच्या हातात असेल, तर परदेशी जाणाऱ्याने ही यादी बघूनच दंड पुढे करावा.

दोन डोसमधलं अंतर पूर्ण व्हायच्या आत जायचं असेल तर?

मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. ज्यांना ऑगस्टमध्ये कॉलेज गाठायचं होतं त्यांचं काय? तर ७ जून २०२१ च्या सूचनेने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली. त्यासाठी प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र दाखवायचं आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट. ज्यांनी तिथेही सवयीने आधारच पुढे केलं त्यांना नंतर पासपोर्ट क्रमांक जोडायला पुन्हा धावपळ करावी लागली. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे गेल्याशिवाय ‘पूर्ण लसीकरण’ धरत नाहीत, हेही हिशेबात घ्या.

‘७२ तासांच्या आतला रिपोर्ट’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

इथे एका तासापायी सगळी वारी हुकते, म्हणून नीट वाचा.

घड्याळ चालू होतं ते स्वॅब घेतल्यापासून, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. आणि थांबतं कुठे? काही देश विमान सुटण्याची वेळ धरतात, काही तिकडे उतरण्याची. ते आधी वाचून घ्या. टप्प्याटप्प्याचं विमान असेल तर पहिलं उड्डाण धरायचं की शेवटचं, हेही देशागणिक वेगळं.

आता जळगावचा हिशेब मांडू. विमान रविवारी पहाटे ३ ला मुंबईहून. बोलण्यात आपण याला ‘शनिवारी रात्रीचं विमान’ म्हणतो आणि तिथेच दिवस चुकतो. ७२ तास मागे गेलं की गुरुवार पहाटे ३. म्हणजे गुरुवारी सकाळी दिलेला स्वॅब चालतो, बुधवारी संध्याकाळचा नाही. रिपोर्ट शुक्रवारी आला की शनिवारी सकाळच्या गाडीने निघून सात-आठ तासांत ठाणे किंवा दादर, तिथून टॅक्सी, आणि रात्री अकराच्या आत विमानतळ. यात सवड आहे.

अट ४८ तासांची असेल तर स्वॅब शुक्रवारी पहाटे तीननंतरच. सकाळी नऊला जळगावात दिला, रिपोर्ट शनिवारी सकाळी आला तर ठीक; प्रयोगशाळेने दुपार लावली तर तुम्ही रिपोर्टशिवाय गाडीत. अशा वेळी आमचा सल्ला सरळ आहे: एक दिवस आधी मुंबईला जा, नातेवाइकाकडे उतरा आणि तिथेच स्वॅब द्या. धुळेकरांना नाशिक हाही पर्याय. महामारीच्या सुरुवातीच्या महिन्यांत तर जळगावचे नमुनेच जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. नंतर इथे सोय झाली, पण लाट चढली की प्रयोगशाळेवर ताण येतो आणि पहिला फटका प्रवाशाच्या रिपोर्टला बसतो, कारण रुग्णाचे नमुने आधी लागतात. ते योग्यच आहे.

अमेरिकेचा ‘एक दिवस’ वेगळा होता. डिसेंबर २०२१ पासून त्यांनी विमानाच्या एक दिवस आधीची तपासणी मागितली, पण तो २४ तासांचा हिशेब नव्हता. कॅलेंडरचा दिवस होता. रविवारी रात्री अकराचं विमान असलं तरी शनिवारी सकाळी सातचा स्वॅब चालायचा. शिवाय अँटिजेन तपासणीही चालायची, जी तासाभरात होते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी विमानतळावर जादा पैसे मोजून घाईची आरटीपीसीआर करून घेतली.

रिपोर्टवर काय काय छापलेलं हवं?

पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, तपासणीचा प्रकार, स्वॅब घेतल्याची तारीख *आणि वेळ*, प्रयोगशाळेचं नाव आणि मान्यता, निकाल. सगळं इंग्रजीत. ‘वेळ’ मुद्दाम ठळक केली, कारण बऱ्याच रिपोर्टांवर नोंदणीची तारीख आणि रिपोर्टची तारीख असते, स्वॅबची वेळ नसतेच. स्वॅब देतानाच काउंटरवर सांगा, ‘परदेश प्रवासासाठी आहे’, आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या.

क्यूआर कोड छापल्यावर स्वतःच्या मोबाईलने उघडून बघा. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. पीडीएफचा फोटो, त्याचा स्क्रीनशॉट, तो व्हॉट्सॲपवर, त्याची प्रिंट, असं झालं की कोड वाचला जात नाही.

तपासणीला किती पैसे पडायचे?

मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी ४५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राने दर टप्प्याटप्प्याने खाली आणले. डिसेंबर २०२१ मध्ये प्रयोगशाळेत जाऊन स्वॅब दिला तर ३५० रुपये. विमानतळावरच्या झटपट तपासणीचे दर मात्र निराळेच.

काही त्रास नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आरटीपीसीआर विषाणूचे अवशेषही पकडते, त्यामुळे बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेने यासाठी वाट ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि ‘बरा झाला, प्रवासाला हरकत नाही’ असं डॉक्टरांचं पत्र असेल तर निगेटिव्ह रिपोर्ट लागत नव्हता. सगळे देश असं करत नाहीत. तुम्हाला अलीकडे आजार होऊन गेला असेल तर तो पॉझिटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा.

खरंच नव्याने पॉझिटिव्ह आला असाल तर तिकिटाची तारीख पुढे ढकला. निगेटिव्ह येईपर्यंत प्रयोगशाळा बदलत हिंडू नका. त्या विमानात तुमच्या बाजूला कोणाची तरी आई बसलेली असते.

स्वॅब न देता रिपोर्ट मिळतो म्हणे?

तो गुन्हा आहे. क्यूआर कोड उघडला की तिथल्या तिथे उघडा पडतो, आणि व्हिसाच्या नोंदीवर जो शेरा बसतो तो काही वर्षं पाठ सोडत नाही.

मना पोऱ्या दुबईले शे. माले त्यानाकडे जावानं शे, काय कागद लागतीन?

आप्पा, आता मुख्य कागद म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट. कोविडचा कागद मागत नाहीत. २०२१ च्या उत्तरार्धात मात्र दुबईसाठी दोन तपासण्या लागत: ४८ तासांच्या आतला क्यूआर कोडचा रिपोर्ट, आणि विमान सुटण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावरच झटपट पीसीआर. त्यामुळे लोक पाच-सहा तास आधी विमानतळावर बसून असत. ती दुसरी अट फेब्रुवारी २०२२ मध्ये उठली. बीपी-साखरेच्या गोळ्या नेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि गोळ्यांची मूळ पाकिटं ठेवा. काही औषधांवर तिकडे कडक निर्बंध आहेत. गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना कोणत्या लसी लागतात?

मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) चार प्रकारांवरची लस, जिला एसीडब्ल्यूवाय म्हणतात, ती सौदी अरेबिया मागतं. तिकडे उतरायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. लसीच्या प्रकारानुसार दाखला तीन किंवा पाच वर्षं चालतो, म्हणून दाखल्यावर प्रकार लिहून घ्या. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांची लस आणि पोलिओचे थेंब शिबिरात होतात. खासगी टूरने उमऱ्याला जाणाऱ्याला स्वतःलाच बघावं लागतं आणि तिथेच दहा दिवसांचा हिशेब चुकतो. भुसावळ, रावेर, धुळ्याचे लोक मुंबईहून विमान धरतात. मुंबईत जाऊन लस घेऊ म्हणून ठेवलं की दहा दिवस कुठून आणणार?

कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये परदेशी यात्रेकरूंना हज बंदच होती. २०२२ मध्ये दहा लाखांना परवानगी मिळाली तेव्हा वय ६५ च्या आत, लस पूर्ण आणि ७२ तासांतला पीसीआर रिपोर्ट अशा तीन अटी होत्या.

आफ्रिकेत कामाला चाललो आहे. पिवळं कार्ड काय भानगड आहे?

ते पिवळ्या तापाच्या लसीच्या दाखल्याचं कार्ड. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत जिचा दाखला सक्तीने मागता येतो म्हणून नाव घेऊन सांगितलंय ती ही एकच लस. केनिया, युगांडा, घाना, नायजेरिया किंवा दक्षिण अमेरिकेत ब्राझील अशा देशांसाठी ती बघावी लागते. एक डोस, दाखला दहाव्या दिवसापासून लागू, आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिली असली तरी तेच चालतं.

खरी गोम परतीच्या वेळी आहे. आपल्या देशात हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून अशा देशातून कार्डाशिवाय आलात तर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग घरी लग्न असो की तेरावं.

गावच्या डॉक्टरांकडे ही लस मिळत नाही. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळाच्या आणि बंदराच्या आरोग्य विभागाकडे आहे. लस देण्याचे वार ठरलेले असतात, आधी वेळ घ्यावी लागते आणि पासपोर्ट लागतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. कार्डाला लॅमिनेशन करू नका. शिक्का-सही तपासता आली पाहिजे.

मुलगी शिकायला चालली आहे. कोविड गेला, मग तपासणी कसली?

ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी लागते, तीही त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच. दाखला सहा महिने चालतो. जळगावातल्या एक्स-रेवर भागत नाही, मुंबई-पुण्यासारखं शहर गाठावं लागतं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन डोसांची नोंद मागतात. लहानपणीचं लसीकरण कार्ड घरी असेल तर शोधा. पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, आजीकडे. नसेल तर डोस पुन्हा घेणं सोपं. पण दोन डोसांत किमान २८ दिवस लागतात, म्हणून प्रवेश मिळाल्याबरोबर कामाला लागा.

नंदुरबारहून सुरत जवळ पडतं. तिथून विमान धरलं तर?

धरा, काहीच हरकत नाही. फक्त महामारीत राज्याच्या सीमेवरही रिपोर्ट मागतात हे ध्यानात असू द्या. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने गुजरातहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर सक्तीची केली, आणि २०२१ च्या वसंतात गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोन राज्यांचे नियम. आंतरराष्ट्रीय रिपोर्ट वेळेत काढलेला असला की हेही काम त्यातच होतं.

लहान मुलांना सूट असते का?

वयाची रेघ प्रत्येक देशाची वेगळी. भारतात परतताना पाच वर्षांखालच्यांना तपासणी माफ होती, अमेरिकेला जाताना दोन वर्षांखालच्यांना. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात.

इतकं करूनही काउंटरवर अडवलं तर?

आधी शांतपणे विचारा, नेमका कोणता नियम आणि कोणता कागद. पर्यवेक्षकाला बोलवायची विनंती करा. नाव जुळत नसेल तर आधार, पॅन, विवाह दाखला, जुना पासपोर्ट सगळं एकदम पुढे ठेवा. घरी एखादा जागा माणूस आणि त्याच्याकडे तुमच्या सगळ्या कागदांच्या पीडीएफ असतील तर निम्मी अडचण तिथेच सुटते. तरीही जमत नसेल तर चेक-इन बंद व्हायच्या आत तिकिटाची तारीख बदलून मागा. विमान सुटल्यावर तुम्ही ‘न आलेले प्रवासी’ ठरता आणि बहुतेक तिकिटांचे पैसे मग हाती लागत नाहीत. का बसू दिलं नाही, ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. विम्याचा दावा करताना तोच कागद लागतो.